प्रोस्टेटचा कॅन्सर कृष्णवर्णीयांच्या जनुकांतच असतो, मग आपण तपासणी का करायची?

भुसावळच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ५१. आमचे वडील, म्हणजे नाना, ६६ वर्षांचे असताना त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही थेट हाडांत पसरलेला. सध्या इंजेक्शन आणि गोळ्या चालू आहेत. मोठा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे तपासणीच्या फॉर्मवर त्याला वंश विचारला आणि सांगितलं, की कृष्णवर्णीयांना हा आजार जास्त होतो, भारतीयांना कमी. भावाने वाचलं की हे सगळं जनुकांमुळे असतं. मग आम्हा भावांना जनुकांचंच संरक्षण आहे असं समजायचं का? पीएसएची रक्तचाचणी करायची गरज आहे का? आत्याला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता, पण तो बायांचा आजार, त्याचा इथे संबंध नसावा."

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ज्या गोष्टीचा संबंध नसावा असं तुम्हाला वाटतं, तिचाच संबंध सर्वांत जास्त आहे. चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झालेली बहीण आणि हाडांपर्यंत गेलेला प्रोस्टेटचा कॅन्सर घेऊन आलेला तिचा भाऊ, हे एका घरात दिसलं की आमच्या डोक्यात घंटा वाजते. त्याकडे सविस्तर येतो. आधी तुमच्या भावाने वाचलेलं तपासून पाहू, कारण त्यात खरं बरंच आहे आणि त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या कॅन्सरबाबत अमेरिकेतला फरक खराच आहे. तिथे गोऱ्या पुरुषांच्या मानाने कृष्णवर्णीय पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर सुमारे १.७ पट आढळतो आणि त्यामुळे होणारे मृत्यू साधारण दुप्पट आहेत. तिथल्या दर ६ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी याचं निदान होतं. सगळ्या अमेरिकी पुरुषांचा मिळून आकडा ८ पैकी एक आहे. कॅरिबियन बेटांवरही प्रमाण मोठं आहे. भारतात मात्र, लोकसंख्येतला वयाचा फरक वजा करूनही, लाख पुरुषांमागे वर्षाला पाच-सहा रुग्ण नोंदले जातात, तर अमेरिकेत सत्तरच्या वर. त्यात हा आजार घराण्यात चालणाऱ्या कॅन्सरपैकी एक. उत्तर युरोपातल्या जुळ्या भावांच्या मोठ्या अभ्यासात प्रोस्टेटच्या कॅन्सरमधला आनुवंशिक वाटा सुमारे ५७ टक्के निघाला, म्हणजे बहुतेक कॅन्सरपेक्षा बराच जास्त. तेव्हा जनुकांकडे बोट जाणं साहजिक होतं.

शोध घेतल्यावर सापडलंही. २००६ साली आइसलँडमधल्या संशोधकांना आणि अमेरिकेतल्या एका गटाला वेगवेगळ्या वाटांनी आठव्या गुणसूत्रावरची एकच जागा सापडली. तिला ८क्यू२४ म्हणतात. अमेरिकी गटाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आफ्रिकन अमेरिकन माणसाची गुणसूत्रं तुकड्यातुकड्यांनी आलेली असतात. गुलामगिरीच्या काळातल्या आणि नंतरच्या संकरामुळे काही तुकडे आफ्रिकेतल्या पूर्वजांचे, काही युरोपातल्या पूर्वजांचे. सरासरीने सुमारे पाचवा हिस्सा युरोपीय निघतो. संशोधकांनी एवढंच पाहिलं, की प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये गुणसूत्राच्या कोणत्या जागी आफ्रिकेकडचा तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतो. ही एक जागा ठळकपणे वर आली, आणि कमी वयात आजार झालेल्यांमध्ये तिचा जोर अधिक होता. विशेष म्हणजे तो पट्टा जवळजवळ ओसाड आहे, तिथे प्रथिन बनवणारी जनुकं फारशी नाहीत. पण शेजारीच एमवायसी नावाचं, पेशींच्या वाढीला चालना देणारं जनुक आहे, आणि या पट्ट्यातले बदल त्याचं नियंत्रण ढिलं किंवा घट्ट करतात. याच पट्ट्यात पुढे असा एक बदल सापडला, जो जवळपास फक्त आफ्रिकी वंशपरंपरेच्या माणसांत आढळतो आणि अंगात असला तर धोका सुमारे दुप्पट करतो.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. एचओएक्सबी१३ नावाचं जनुक प्रोस्टेटच्या घडणीत काम करतं. २०१२ साली त्यातला एक बिघाड सापडला, तो उत्तर युरोपीय, विशेषतः स्कँडिनेव्हियाकडच्या घराण्यांत चालतो आणि धोका तीन ते पाच पट करतो. चिनी रुग्णांत त्याच जनुकाचा वेगळा बिघाड सापडला. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या वंशजांत आणखी तिसराच. जनुक तेच, पण तीन मुलखांत तीन वेगळ्या खुणा. म्हणजे "या आजाराची जनुकं" एकाच वंशाकडे आहेत असं नाही. प्रत्येक मुलखाकडे आपापल्या खुणा आहेत. आपल्याकडच्या खुणा मात्र कोणी तेवढ्या चिकाटीने शोधलेल्या नाहीत, आणि या विषयावर बोलताना मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

अशा मोठ्या बिघाडांखेरीज शेकडो बारीक बदल आहेत. २०२१ मध्ये त्यांची संख्या २६९ होती, २०२३ च्या विश्लेषणात ती ४५१ झाली. त्या अभ्यासात दीड लाखाहून जास्त रुग्ण होते. यातला एकेक बदल म्हणजे ठिबकच्या नळीचं एक छिद्र: एका छिद्राने काही भिजत नाही, पण सगळी मिळून रात्रभर चालली तर सरी ओली होते. या बदलांची बेरीज करून धोक्याचा गुणांक काढतात. २०२१ च्या अभ्यासात आफ्रिकी वंशपरंपरेच्या पुरुषांचा सरासरी गुणांक युरोपीय पुरुषांच्या २.१८ पट आला, आणि चीन-जपानकडच्या पुरुषांचा सुमारे पाऊणपट. आजार होण्यातला फरक बऱ्याच अंशी जनुकांतून येतो, याचा हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा. इथपर्यंत तुमचा भाऊ बरोबर आहे.

पण आजार होणं वेगळं आणि आजाराने मरणं वेगळं. हा गुणांक कॅन्सर होईल की नाही याचा अंदाज देतो. झालेला कॅन्सर मवाळ असेल की आक्रमक, हे त्यातून फारसं कळत नाही. मग अमेरिकेत मृत्यू दुप्पट का? तिथल्या निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांची मोठी साखळी आहे, आणि तिथे काळा-गोरा सगळ्यांना सारखीच सेवा मिळते. या साखळीतल्या, औषधचाचण्यांतल्या आणि सर्वसाधारण कॅन्सर नोंदणीतल्या मिळून तीन लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी २०१९ साली तपासल्या गेल्या. आजार कोणत्या टप्प्यात सापडला आणि उपचार कोणते मिळाले हे सारखं धरलं, की निदानानंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरण्यातला वंशाचा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे दुप्पट मृत्यूंमध्ये जनुकांचा हात आहे तो जास्त लोकांना आजार होतो इथपर्यंत. पुढचा भाग विमा, अंतर, उशिरा झालेलं निदान, अर्धवट राहिलेले उपचार आणि दवाखान्यावरचा अविश्वास यांचा आहे. त्या अविश्वासालाही कारण आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत राहिले. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, तो सहज रक्त काढू देईल का?

आता इंग्लंडमधला एक आकडा, जो आपल्या कामाचा आहे, कारण तिथले "आशियाई" म्हणजे बहुतांशी भारत, पाकिस्तान, बांगलादेशकडचे लोक. तिथे आयुष्यभरात प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान कृष्णवर्णीय पुरुषांत ४ पैकी एकाला, गोऱ्यांत ८ पैकी एकाला आणि आशियाईंत १३ पैकी एकाला होतं. आपल्याला कमी होतो, हे इथे स्पष्ट दिसतं. पण त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण पाहा: १२ पैकी एक, २४ पैकी एक आणि ४४ पैकी एक. गणित मांडलं तर तिन्ही गटांत निदान झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा याच आजाराने जातो. आपल्याला कमी वेळा गाठतो, पण एकदा गाठल्यावर आपला वंश पाहून हा आजार सूट देत नाही.

"वंश म्हणजेच जनुक" हे समीकरण किती कच्चं आहे, हे समजायला खानदेशच्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. सातपुड्याकडे पाहिलं तरी पुरे. १९१० साली शिकागोतल्या एका डॉक्टरने ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या, आणि पुढे कित्येक वर्षं सिकलसेल हा "काळ्यांच्या रक्ताचा आजार" म्हणूनच अमेरिकेत शिकवला गेला. १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आज अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर आशाताई घरोघर त्याची तपासणी करतात. त्या बदलाचं नातं कातडीच्या रंगाशी नव्हतं, मलेरियाशी होतं. त्या बदलाची एकच प्रत अंगात असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, आणि जिथे जिथे मलेरिया जुना तिथे तो बदल टिकून राहिला. नायजेरियाचा, केनियाचा आणि इथिओपियाचा माणूस अमेरिकी फॉर्मवर एकाच चौकटीत बसतो, पण जनुकांची विविधता जगात सर्वांत जास्त कुठे असेल तर ती आफ्रिकेतच. चौकटीवरून सरासरी कळते. चौकटीतला माणूस कळत नाही.

"भारतीय" ही चौकटही तशीच ढोबळ. जातीत, पोटजातीत, ठरावीक गावांच्या टापूत लग्नं करण्याची आपली रीत कित्येक पिढ्यांची आहे, त्यामुळे शेजारच्या दोन समाजांतही दुर्मीळ बदल वेगवेगळे असू शकतात. जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० जणांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. फार मोठं काम आहे ते. पण ती निरोगी माणसांची पायाभूत माहिती आहे. प्रोस्टेटच्या रुग्णांचा तसा अभ्यास व्हायला हवा. तोवर थुंकीच्या नमुन्यावरून "प्रोस्टेटचा धोका किती" सांगणारा गुणांक कोणी विकायला आला, तर जपून राहा. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या एका चांगल्या चाचणीत असा गुणांक उपयोगी ठरला, पण तिच्यात घेतलेले सगळे पुरुष युरोपीय वंशपरंपरेचे होते. त्यांच्यावर जुळवलेलं माप आपल्याला जसंच्या तसं लागू पडेल असं धरता येत नाही.

भारतातला कमी आकडाही सगळा जनुकांच्या खात्यावर टाकू नका. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून पीएसएची रक्तचाचणी सरसकट झाली, आणि शोधलं की सापडतं. आपल्याकडे शोधतच नाहीत. महाराष्ट्रातच मुंबईच्या कॅन्सर नोंदणीत प्रोस्टेटचं प्रमाण बार्शीच्या ग्रामीण नोंदणीपेक्षा जास्त आहे, आणि मुंबईकर काही वेगळ्या वंशाचे नाहीत.

आता तुमच्या घराकडे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर असला, की धोका साधारण दुप्पट होतो. दोन-तीन जणांना असला तर चार-पाच पटींपर्यंत जातो. त्यात तुमची आत्या. बीआरसीए२ नावाचं जनुक पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करतं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर घरातल्या बायकांना स्तनाचा आणि बीजकोशाचा, तर पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, आणि पुरुषांतला तो कमी वयात येणारा आणि जास्त आक्रमक असतो. लोक समजतात की स्तनाच्या कॅन्सरचा वारसा आईकडूनच येतो. तसं नाही. तो वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. कॅन्सर इतरत्र पसरलेल्या ६९२ पुरुषांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११.८ टक्के पुरुषांत असा दुरुस्ती-जनुकाचा जन्मजात बिघाड सापडला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बीआरसीए२ चा होता.

म्हणून पहिली चाचणी तुमची नको, नानांची करा. घरात आजार झालेल्या माणसाची आधी, हा नियम आहे. नानांमध्ये बिघाड सापडला, तर तुम्हा भावंडांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते, आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. नानांना वगळून तुमची चाचणी केली आणि काही निघालं नाही, तर त्याचा अर्थ लावणं कठीण जातं. नमुना रक्ताचा किंवा लाळेचा असतो, जळगाव-भुसावळहूनही पाठवता येतो. शिवाय नानांना स्वतःलाही फायदा आहे: बिघाड असेल आणि पुढे हार्मोनच्या औषधांना आजार दाद देईनासा झाला, तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या अशाच रुग्णांवर चालतात. एक गोष्ट मनाची तयारी ठेवून ऐका. रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असं काही येऊ शकतं, आणि आपल्याकडे ते गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त वेळा येतं, कारण जगातल्या जनुकीय नोंदी बहुतांशी युरोपीय लोकांच्या आहेत. अशा बदलावरून ऑपरेशन किंवा इतर कुठला मोठा निर्णय घेऊ नका. जनुकीय सल्लागाराशी बोला आणि दोन-तीन वर्षांनी त्याचा अर्थ बदलला का ते पुन्हा विचारा.

पीएसए तुम्ही दोघांनीही करा. सर्वसाधारण पुरुषाने पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावं. घरात आजार असेल किंवा वंशपरंपरा आफ्रिकी असेल तर ४५ नंतर, आणि बीआरसीए२ चा बिघाड असेल तर चाळिशीपासून, असा युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, आणि मीही तोच पाळतो. तुम्ही ५१ चे, भाऊ तुमच्याहून मोठा. दोघांनाही थांबण्याचं कारण नाही. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा नळी टाकली असेल, तर सहा आठवडे जाऊ द्या, नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या सहा महिने चालू असतील तर आकडा निम्मा दिसतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळीने झाकलेला कॅन्सर मी पाहिलेला आहे. बोटाने होणारी तपासणी लाजून टाळू नका. पीएसए वाढलेला निघाला तर आधी एमआरआय, मग लागलं तरच तुकडा काढणं. आणि "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे कोणी सांगितलं तर ते कानाआड करा. तुकडा न काढल्यामुळे पसरलेले कॅन्सर आम्ही रोज पाहतो. सापडलेला कॅन्सर मवाळ असेल तर ऑपरेशनची घाई न करता त्यावर नजर ठेवतात, त्यामुळे सापडला म्हणजे कापलंच पाहिजे असंही नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि त्रास नसलेल्या माणसाची मात्र उगाच पीएसए करत बसू नये.

आमच्याकडे धुळे, शिरपूर, चोपडा, रावेर या बाजूने येणारे रुग्ण पाहताना जनुकांपेक्षा दुसरीच गोष्ट जिवाला लागते. "डॉक्टरसाहेब, कंबर दुखस" म्हणत म्हातारबा येतात. वर्षभर मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा, मलम, गोळ्या झालेल्या असतात. रात्री लघवीला चार-पाच वेळा उठणं वयाचं म्हणून सोडून दिलेलं असतं. एका रक्तचाचणीत जे कळलं असतं ते हाडं पोखरल्यावर, कधी पाय लुळे पडल्यावर कळतं. साठीपुढच्या पुरुषाची कंबर दुखते आणि विश्रांती घेऊनही, रात्रीही थांबत नाही, तर एकदा पीएसए केलाच पाहिजे. पाय जड पडले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो. दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल तर निघालेला माल तपासणीला पाठवला का आणि रिपोर्ट काय आला, हे विचारून कागद जपून ठेवा. आजार पसरलेला असला तरी आज औषधांनी बरीच वर्षं मिळतात, आणि कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतात. पैशाच्या भीतीने घरी बसू नये.

भावाला सांगा, की फॉर्मवर वंशाच्या चौकटीत खूण करून झाल्यावर त्याच फॉर्मवरचा कुटुंबाच्या आजारांचा रकाना नीट भरायचा: वडील, प्रोस्टेट, वय ६६, हाडांत पसरलेला, आत्या, स्तन, चाळिशीत. तिथला डॉक्टर त्यावर लगेच पुढची पावलं उचलेल. आत्या हयात असतील तर त्यांचा जुना रिपोर्ट काढून ठेवा, त्यांच्या मुलामुलींनाही हे कळवा. आणि नानांच्या चाचणीत काही निघालं, तर ते तुमच्या बहिणीपासून आणि मुलींपासून लपवू नका. लग्नाच्या बोलाचालीत अडचण येईल म्हणून घरोघरी असे कागद पेटीत जातात, हे मला ठाऊक आहे. पण बीआरसीए२ चा रिपोर्ट तुमच्याइतकाच, किंबहुना तुमच्याहून जास्त, त्यांच्या कामाचा आहे. वेळेत कळलं तर स्तनाची तपासणी पंचविशी-तिशीपासूनच सुरू करता येते.